समोरचा दात तुटला? नवा दात बसवण्याआधी एवढं समजून घ्या

गावाकडे समोरचा दात जायला फार मोठं कारण लागत नाही. खड्ड्यात मोटारसायकल आदळते, कबड्डीत कोपर लागतो, गोठ्यात बैल मान झटकतो, मोटारीचे नट खोलताना पाना सटकून तोंडावर बसतो. कुणी ऊस दाताने सोलतो, कुणी बियाण्याची पिशवी दाताने फाडतो, कुणी बाटलीचं झाकण दातानेच उघडतो. वरच्या ओळीतले मधले दोन पटाशीचे दात सगळ्यात पुढे असतात, म्हणून मार बहुतेक वेळा त्यांनाच बसतो.

दात तुटला की दोन प्रकारची घाई सुरू होते. दुखतंय म्हणून "काढूनच टाका, एकदाचा ताप मिटेल" ही पहिली. तोंड वाईट दिसतंय म्हणून चार दिवसांत फिक्स दात बसवून टाकायचा, ही दुसरी. दोन्हीत झालेलं नुकसान भरून येत नाही. डॉक्टरांनी काढून टाकलेलं मूळ परत रुजत नाही आणि ब्रिजसाठी घासलेला चांगला दात परत वाढत नाही.

म्हणून दात कशाचा बसवायचा आणि कितीला पडेल हे प्रश्न नंतरचे. आधी दोन प्रश्नांची उत्तरं घ्यावीत. तुटलेल्या दाताचं मूळ वाचतंय का? आणि शेजारच्या धडधाकट दातांना हात न लावता काम भागतंय का? या दोन उत्तरांवर पुढचा सगळा निर्णय उभा आहे.

पहिला तास महत्त्वाचा

अपघातात कायमचा दात मुळासकट बाहेर आला असेल, तर तो फेकू नये. असा दात परत त्याच खोबणीत बसवता येतो. मात्र मुळावर बारीक जिवंत तंतू असतात आणि ते कोरडे पडले की लवकर मरतात. अर्ध्या तासाच्या आत दात जागेवर गेला तर आशा सगळ्यात जास्त असते. तासाभरानंतर ती झपाट्याने कमी होते.

काय करावं:

- दात शोधून तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये.
- माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्याच्या धारेखाली काही सेकंद धरावा. घासू नये, साबण लावू नये, फडक्याने पुसू नये.
- माणूस शुद्धीवर असेल तर दात सरळ खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल हळूच चावून धरायला सांगावा.
- जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. गायीचं, म्हशीचं, पिशवीचं, कुठलंही चालेल, साखर घातलेलं नको. दूध नसेल तर त्याच माणसाच्या थुंकीत ठेवावा.
- साध्या पाण्यात बुडवून ठेवू नये, कागदात किंवा कापसात कोरडा गुंडाळू नये. हळद, मिश्री, तंबाखू लावू नये.

दवाखान्यात हा दात शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत पुढे रूट कॅनाल करावं लागतं. दात कायमचा टिकला नाही, तरी काही वर्षं टिकला तरी फायदाच असतो, कारण तेवढा काळ तिथलं हाड झिजत नाही.

लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये. त्याने खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

दाताचा फक्त तुकडा तुटला असेल तर तो तुकडाही दुधात घालून सोबत न्यावा. कित्येकदा तोच तुकडा परत चिकटवता येतो आणि रंग जुळवण्याचा प्रश्नच राहत नाही. तुकडा सापडत नसेल आणि माणसाला खोकला किंवा धाप लागत असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी रुग्णालय गाठावं. मार लागल्यावर उलटी झाली, चक्कर आली, कानातून रक्त आलं किंवा वरचे-खालचे दात नीट जुळत नसतील, तरीही तसंच करावं. रस्त्यावर पडून जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं.

दात किती गेला आहे?

समोरून सगळे तुटलेले दात सारखेच दिसतात. हिरडीच्या आत काय झालंय हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. एक्स-रे न काढता कुणी "हा काढावाच लागेल" म्हणत असेल, तर तिथे थांबावं.

ढोबळमानाने चार प्रकार होतात:

१. टोकाचा तुकडा उडाला, नस उघडी पडली नाही. थंड पाणी लागतं, खरबरीत लागतं, एवढाच त्रास असतो.

२. तुकडा मोठा उडाला आणि आत गुलाबी किंवा लाल ठिपका दिसतो. ही नस. दात ठणकतो.

३. दात हिरडीच्या जवळपास मोडला, पण मूळ हाडात घट्ट आहे.

४. मूळ उभं चिरलंय, खोलवर मोडलंय, किंवा दात मुळासकट गेलाय.

पहिल्या दोन प्रकारांत दात बहुतेक वाचतो. तिसऱ्यातही अनेकदा वाचतो. पूर्ण नवा दात लावायची पाळी साधारण चौथ्या प्रकारात येते.

आणखी एक प्रकार गावात बराच दिसतो. मार लागून वर्षं उलटतात, दात तुटलेला नसतो, पण हळूहळू काळा-करडा पडतो. याचा अर्थ आतली नस मेलेली असू शकते. हिरडीवर पू भरलेली पुळी येते, फुटते, परत येते. असा दातही लगेच काढायची गरज नसते. मूळ चांगलं असेल तर रूट कॅनाल करून, दात आतून उजळवून किंवा वर कॅप घालून तो वापरता येतो.

मूळ वाचत असेल तर

टोकाचा तुकडा गेला असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग, म्हणजे कंपोझिट, पुरेसं होतं. एका बैठकीत काम होतं, दात फारसा घासावा लागत नाही. काही वर्षांनी त्यावर डाग पडतात, कोपरा उडू शकतो, पण ते परत करता येतं. तरुण वयात हा मार्ग सगळ्यात सुरक्षित, कारण पुढचे सगळे पर्याय शिल्लक राहतात.

नस उघडी पडली असेल आणि मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर बहुतेक वेळा रूट कॅनाल करतात. आतली नस काढून पोकळी साफ करतात आणि भरून बंद करतात. दाताचा वरचा भाग बराच शिल्लक असेल तर नुसत्या फिलिंगवरही भागतं. रूट कॅनाल झालं म्हणजे समोरच्या दाताला कॅप लागतेच असं नाही. दाढेवर चावण्याचा जोर मोठा असतो, म्हणून तिला बहुधा कॅप लागते. समोरच्या दाताचं दात बघून ठरवावं लागतं.

दात हिरडीजवळ मोडला असेल तर मुळात एक बारीक खुंटी बसवून त्यावर कॅप घालतात. इथे एक हिशोब असतो. हिरडीच्या वर चांगला दात चहूबाजूंनी साधारण दोन मिलिमीटर तरी शिल्लक हवा. तेवढा असेल तर कॅपला पकड मिळते. नसेल तर कॅप वारंवार निघते किंवा मूळ चिरतं. काही वेळा हिरडी थोडी खाली घेऊन, किंवा तारेने मूळ हळूहळू बाहेर ओढून ही जागा तयार करता येते. त्यामुळे "वर काहीच उरलं नाही" असं दिसलं तरी हा मार्ग आहे का, हे विचारून घ्यावं.

कॅप कशाची?

समोरच्या दातासाठी मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

मेटल-सिरॅमिक: आत धातू, वर दाताच्या रंगाचा थर. स्वस्त आणि मजबूत. पण काही वर्षांनी हिरडी थोडी वर सरकली की कडेला काळसर रेघ दिसू लागते. हसताना ज्यांची हिरडी दिसते, त्यांना ती खटकते.

झिरकोनिया: धातू नाही, ताकद भरपूर, काळी रेघ येत नाही. याच्यातही प्रकार आहेत. दाढेसाठीचा फार पक्का झिरकोनिया समोर लावला तर दात चुन्यासारखा पांढराफटक दिसू शकतो.

काचेसारखी सिरॅमिक, जिला दवाखान्यात 'ई-मॅक्स' नावाने ओळखतात: प्रकाश थोडा आरपार जातो, म्हणून खऱ्या दाताच्या सगळ्यात जवळ दिसते. खालचा दात फार काळा असेल तर तो रंग आतून डोकावू शकतो.

रंग ठरवताना दात घासण्याआधी आणि दिवसाच्या उजेडात ठरवावा. घरचं एक माणूस सोबत न्यावं. "एकदम पांढरा करा" म्हणू नये. शेजारचे दात पिवळसर आणि एकच पांढराशुभ्र, म्हणजे नकली दात लांबूनच ओळखू येतो.

झिरकोनियावर लॅबचं वॉरंटी कार्ड मिळतं. ते मागून घ्यावं, पण त्याचा अर्थही समजून घ्यावा. वॉरंटी कॅप तुटण्याची असते. आतला दात किडला, मूळ चिरलं किंवा हिरडी सुजली, तर कार्डाचा उपयोग नसतो.

मूळ गेलं असेल तर: चार रस्ते

पहिला, काढता-घालता दात. गुलाबी प्लॅस्टिकच्या पट्टीवर एक दात, टाळूला टेकलेला. शेजारचे दात घासावे लागत नाहीत, दोन-तीन फेऱ्यांत मिळतो, सगळ्यात स्वस्त. सुरुवातीला बोलताना अडखळायला होतं, थुंकी सुटते, मग सवय होते. रात्री काढून पाण्यात ठेवावा लागतो. उकळतं पाणी चालत नाही, पट्टी वाकडी होते. फार छोटी, सैल झालेली पट्टी झोपेत किंवा जेवताना गिळली जाऊ शकते आणि हे प्लॅस्टिक एक्स-रेमध्ये सहज दिसतही नाही. म्हणून सैल झालेला दात वापरत राहू नये, आणि झटपट चिकटणारा गोंद लावून तर कधीच बसवू नये.

दुसरा, ब्रिज. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात आणि तीन जोडलेल्या कॅप त्यावर पक्क्या बसवतात. मधली कॅप म्हणजे नवा दात. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं, दिसायला चांगला, काढा-घालायची कटकट नाही. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षंही चालतो. किंमत मात्र शेजारचे दोन दात देतात. ते धडधाकट असतील तर वरचा कठीण थर कायमचा जातो. पुढे त्यातला एखादा आतून किडला किंवा त्याची नस मेली, तर पूर्ण ब्रिज संकटात येतो.

तिसरा, चिकटवलेला ब्रिज. नव्या दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात. शेजारचा दात अगदी थोडा घासावा लागतो किंवा घासावाच लागत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात ही पद्धत पुढे आली, म्हणून दवाखान्यात तिला 'मेरीलँड ब्रिज' म्हणतात. मोठा दोष एकच, कधीतरी तो निघून हातात येतो. पण तसं झालं तरी बहुतेक वेळा परत चिकटवता येतो आणि शेजारचा दात शाबूत असतो. हा पर्याय अनेक ठिकाणी आपणहून सांगितला जात नाही, म्हणून पेशंटनेच विचारावा.

चौथा, इम्प्लांट. मुळाच्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि वर कॅप लावतात. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. शेजारच्या दातांना अजिबात हात लागत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. पण हाड पुरेसं लागतं, हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि खर्च जास्त असतो. समोरच्या दाताला हाडाची पुढची भिंत पातळ असते. दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ती बरीच झिजते. म्हणून पुढे इम्प्लांट करायचा विचार असेल तर दात काढण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगावं. हाड टिकवण्यासाठी त्याच वेळी काय करता येईल, हे ठरवता येतं.

लग्न जवळ आलंय म्हणून ब्रिज?

समजा, एकोणीस वर्षांच्या मुलीचा समोरचा एक दात अपघातात गेलाय. बाकी सगळे दात मोत्यासारखे. पाहुणे पंधरा दिवसांनी बघायला येणार आहेत. घरचे म्हणतात, "काढता दात नको, कुणाला कळलं तर? एकदाचा फिक्स बसवून टाका." इम्प्लांटला वेळ नाही, मग उरतो ब्रिज. आठवड्यात काम होतं, फोटो छान येतात.

पण त्या आठवड्यात दोन चांगले दात घासले गेलेले असतात. ब्रिजचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरलं, तर मुलगी तिशीत असताना तो बदलावा लागेल आणि चाळिशीत परत एकदा. दर वेळी खालचे दात थोडे आणखी कमजोर होतात. त्यातला एक गेला तर पुढचा ब्रिज चार किंवा पाच दातांचा होतो. एका दाताचं नुकसान असं हळूहळू तीन-चार दातांचं होतं.

याच घरासाठी दुसरा रस्ता आहे. पाहुणे येण्याआधी काढता दात किंवा चिकटवलेला ब्रिज बसवायचा. दोन्ही चांगले बनवले तर समोरच्याला कळत नाहीत. लग्न निवांत होऊ द्यायचं. वय भरलं, पैसे जमले, हाड तपासून झालं की इम्प्लांटचा विचार करायचा. तात्पुरता दात बसवण्यात कमीपणा नाही. तात्पुरत्या दाताने पुढचे रस्ते उघडे राहतात.

ब्रिज वाईट आहे असा याचा अर्थ नाही. शेजारच्या दोन दातांना आधीच मोठं फिलिंग असेल, रूट कॅनाल झालेलं असेल, ते मोडके असतील, तर त्यांना तशाही कॅप लागणारच. तिथे ब्रिज हाच शहाणपणाचा सौदा ठरतो. पन्नाशी-साठीच्या माणसाला साखर आहे, हाड कमी आहे, ऑपरेशन नको आहे, अशा वेळीही ब्रिज चांगला. तिथेही शेजारचे दात हलत नाहीत ना, हे आधी पाहावं. हलणाऱ्या दातावर ब्रिज म्हणजे कुजलेल्या मेढीवर छप्पर.

वय किती, यावर बरंच ठरतं

वरचे मधले कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांचं मूळ पूर्ण व्हायला दहावं वर्ष उजाडतं. या वयात दात तुटला तर आतली नस जिवंत ठेवण्याचा प्रयत्न करतात, म्हणजे मुळाची वाढ पूर्ण होते. म्हणून शाळकरी मुलाचा दात तुटला तर "दुखत नाही ना, मग राहू दे" असं करू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवावं.

वाढत्या वयात इम्प्लांट करत नाहीत. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्यासोबत खाली येतात, इम्प्लांट मात्र हाडात जिथल्या तिथे राहतं. काही वर्षांत तो दात आखूड आणि वर अडकल्यासारखा दिसतो. मुलींमध्ये साधारण अठरा आणि मुलांमध्ये वीस-एकवीस वर्षांपर्यंत तरी थांबतात. तोवर काढता दात किंवा चिकटवलेला ब्रिज चालवावा. जागा मोकळी मात्र ठेवू नये, कारण शेजारचे दात त्या फटीत कलतात आणि पुढे जागाच पुरत नाही.

तंबाखू, साखर आणि औषधं

तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी यांनी हिरडीची भर मंदावते आणि हाड झिजतं. इम्प्लांट करून तंबाखू चालू ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं होय. तंबाखू सोडायची तयारी नसेल तर ते डॉक्टरांना खरं सांगून दुसरा पर्याय निवडावा.

साखर असलेल्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्यावा. साखर आटोक्यात असेल तर इम्प्लांटही होऊ शकतं, वाढलेली असेल तर आधी ती खाली आणावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन घेतलं असेल, किंवा तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला 'लाईट देणे' म्हणतात, ती झाली असेल, तर दात काढण्याआधीच सांगावं. रक्ताची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

खर्च आणि फेऱ्या

दर दवाखान्यागणिक वेगळे असतात, पण चढता क्रम सगळीकडे साधारण सारखाच. फिलिंग आणि काढता दात सगळ्यात स्वस्त. त्यानंतर चिकटवलेला ब्रिज आणि रूट कॅनालसह कॅप. साध्या ब्रिजचे पैसे दातागणिक लावतात, म्हणजे एक दात गेला तरी बिल तीन कॅपचं होतं. हे पुष्कळांच्या शेवटी लक्षात येतं. इम्प्लांट सगळ्यात महाग, आणि त्यात स्क्रूचे पैसे वेगळे, कॅपचे वेगळे, हाड भरायचं असेल तर ते आणखी वेगळे असू शकतात. म्हणून "किती लागतील?" असं विचारू नये. "दात बसून मी घरी जाईपर्यंत सगळं मिळून किती?" असं विचारावं आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

खर्चात एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरीही धरावी. दोन फेऱ्यांचं काम आणि सहा महिन्यांचं काम यात मोठा फरक पडतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी जाणाऱ्यांनी उपचार अर्धवट सोडून जाऊ नये. तात्पुरती कॅप किंवा तात्पुरतं फिलिंग पूर्ण हंगाम काढण्यासाठी नसतं. ते निघालं तर आत किडतं आणि परत येईपर्यंत मूळही हातचं जातं. जाण्याची तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी, म्हणजे त्या हिशोबाने काम आखता येतं.

जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत दंत विभाग असतो. एक्स-रे, दात काढणं, फिलिंग यासाठी आधी तिथे जाऊन यावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. लोणी, सांगली, कराड, लातूर, नाशिक आणि वर्ध्याजवळ सावंगी इथे खासगी दंत महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पण दर बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो. अपघातात जबडाही मोडला असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावं.

बाजारातला दात महागात पडतो

आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला "दहा मिनिटांत फिक्स दात" बसवून देणारे काही ठिकाणी अजून दिसतात. ते बहुधा मूळ तसंच ठेवून त्यावर प्लॅस्टिकचा लगदा दाबतात आणि तो शेजारच्या दातांना तारेने किंवा त्याच लगद्याने जोडतात. सुरुवातीला छान वाटतं. पण खाली घाण साचते, हिरडी सुजते, वास येतो आणि चांगले दातही हलायला लागतात. एका रुग्णाची हत्यारं दुसऱ्याला तशीच वापरली तर कावीळ ब आणि एचआयव्हीसारखे आजार लागण्याचा धोका वेगळाच.

दात बसवणारी व्यक्ती किमान बीडीएस असावी आणि राज्याच्या दंत परिषदेकडे तिची नोंदणी असावी. देशात दंत डॉक्टरांच्या नोंदणीची पद्धत १९४८ च्या कायद्याने आली. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेल्या प्रमाणपत्रावर असतो, तो बघण्यात संकोच नको. कॅप, ब्रिज, कवळी या कामात एमडीएस केलेल्यांना प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. गुंतागुंतीचं काम असेल तर त्यांचं मत घ्यावं.

पैसे भरण्याआधी डॉक्टरांना हे विचारा

- एक्स-रेमध्ये मूळ कसं दिसतंय? वाचवता येईल का? नसेल तर का नाही?
- माझ्यासाठी कोणकोणते पर्याय आहेत? चिकटवलेला ब्रिज चालेल का?
- शेजारचे दात घासावे लागतील का? ते आत्ता चांगले आहेत का?
- हा दात खराब झाला तर पुढचा रस्ता काय राहील?
- काम पूर्ण होईपर्यंत समोर तात्पुरता दात मिळेल का?
- किती फेऱ्या, किती महिने, एकूण किती पैसे?

नीट समजावून सांगणारा डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. दात घासायला किंवा काढायला सुरुवात होण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणंही चुकीचं नाही. जुना एक्स-रे सोबत असला की दुसरा काढायचा खर्चही अनेकदा वाचतो.

दात बसल्यावर

नव्या दाताने ऊस सोलू नये, सुपारी फोडू नये, कणीस दाताने ओरबाडू नये. दाणे काढून खावेत. पेरू, सफरचंद फोडी करून खावेत. पिशवी फाडायला कात्री वापरावी. खेळताना, विशेषतः कबड्डी आणि कुस्तीत, दातांवर घालायचं रबरी कव्हर वापरावं.

नकली दाताला कीड लागत नाही, पण त्याच्या कडेला असलेल्या खऱ्या दाताला लागते. मऊ ब्रशने रोज दोनदा घासावं. ब्रिजच्या खाली नेहमीचा ब्रश पोचत नाही, तिथे बारीक ब्रश किंवा खास दोरा लागतो. तो कसा वापरायचा हे डॉक्टरांकडून हाताने करून बघावं. मिश्री पूर्ण बंद. सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तरी दाखवून यावं.

उपचाराची चिठ्ठी, एक्स-रे, वॉरंटी कार्ड आणि इम्प्लांट असेल तर त्याच्या कंपनीचं, मापाचं स्टिकर हे सगळं रेशन कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवावं आणि मोबाईलमध्ये त्याचे फोटो काढून ठेवावेत. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला तो स्क्रू कोणता, हे त्या स्टिकरवरूनच कळणार आहे.

(ही माहिती सर्वसाधारण समज देण्यासाठी आहे. स्वतःच्या दाताबद्दलचा निर्णय तपासणी करून, नोंदणीकृत दंत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)